आभाळाचं पांघरूण

शहापूरला हायवेच्या कडेला ब्लँकेटं विकणारा तो माणूस गिऱ्हाइकाआधी आभाळाकडे बघायचा. पौषातल्या एका ढगाळ, गारठलेल्या दुपारी मी ब्लँकेट मागितलं, तर म्हणाला, "आज कायले नेता जी? आभाळानंच पांघरूण घातलं हाये. रात्री जमिनीची ऊब जाईन कुठं?"

मी हट्टानं नेलं आणि रात्रभर घामाघूम झालो.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. मी तणतणत ब्लँकेट परत केलं. त्यानं वर पाहिलं आणि हसून ते घेतलं.

दिवस बुडताच माझे दात वाजू लागले. स्कूटर काढून धावलो. दुकान आवरून तो माझं ब्लँकेट मांडीवर घेऊन बसला होता.

"तुमचीच वाट पाहून राहिलो जी. आज आभाळ उघडं हाये."

मी शाळेत भूगोल शिकवतो, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.