एकोणतीसची उडी

दुसरीचा वर्ग खेळाचा करायचा म्हणून बाईंनी आम्हा पालकांना बोलावलं. आम्ही अठरा बाकं बाहेर काढली आणि मोकळ्या फरशीवर एक ते पन्नास आकड्यांची घरं रंगवली. पट्टी लावून प्रत्येक घर बरोबर एक फुटाचं केलं ते मी.

माझ्या मुक्ताचं गाडं एकोणतीसवर अडायचं. ती "वीस-नऊ" म्हणायची आणि मुलं हसायची, म्हणून तिने वर्गात मोजणंच सोडलं होतं. घरी मी रोज घोकून घ्यायचो. उपयोग शून्य.

रंग वाळताच खेळ सुरू झाला. बाई आकडा सांगणार, मुलांनी त्या घरात उडी मारायची. मुक्ताची पाळी आली आणि बाई म्हणाल्या, "एकोणतीस!"

ती थेट तिसात गेली. मी वर्गाच्या दारातून पाहत होतो. तेवढ्यात तिची मैत्रीण सई ओरडली, "येडे, आत कुठं शिरलीस? तिसाच्या दारात थांब!"

मुक्ता एक घर मागे आली, पायाखालचा आकडा पाहिला आणि किंचाळलीच, "एक कमी तीस!" मग कुणी न सांगता तिने एकोणचाळीस गाठला.

मी जन्मभर आकडेमोड केली, पण 'एकोण' म्हणजे एक उणा, हे कधी कानावर घेतलंच नव्हतं. शब्द आपला अर्थ उघडपणे सांगत होता आणि मी तो नुसता घोकून घेत होतो.

"बाबा, तुमचं वय किती?"

"एकोणपन्नास."

"मग दारात काय उभे? या की आत!"

मी चष्मा खिशात ठेवला आणि उडी मारली.