भावाच्या खांद्यावरचं घोंगडं

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. काल पेटी उघडली आणि जुन्या लोकरीचा वास आला. धाकटा भाऊ पुण्याला बांधकामावर निघाला, तेव्हा बसवकल्याणच्या स्टँडवर खांद्यावर हेच घोंगडं टाकून उभा होता. मी मास्तर, शेजारी माझ्या शाळेतले लोक. "मेंढरं हाकायला चाललास काय रे?" म्हणत मी ते ओढून घेतलं. आमच्यात माणूस मेल्यावरच त्याचं घोंगडं भाऊ उतरवून घेतो. तो हसत म्हणाला, "अण्णा, जित्तेपणीच कामून काढायलास?" सगळे हसले, मीही हसलो. दिवाळीआधीच तो परांचीवरून पडून गेला. गाव म्हणालं, मास्तरनं अपशकुन केला. त्या अडाण्यांची मी आयुष्यभर टिंगल केली, कारण शकुनावर वाद घालणं सोपं होतं. घोंगडं काढल्यानं कुणी मरत नाही. पण थोरल्याला आपली लाज वाटते, हे कळूनच तो पुण्याला जायला सोलापूरच्या गाडीत चढला होता. त्याला घरी आणलं तेव्हा रीतीप्रमाणे तेच घोंगडं त्याच्यावर घातलं आणि उतरवायला मी त्याच्या कानाशी वाकलो. "चुकलो रे" एवढंच म्हणायचं होतं. चार माणसं बघत होती, म्हणून घोंगडं उचललं आणि सरळ उभा राहिलो.