न ठरलेल्या आजाराचे जेवण

कोल्ड हार्बरमध्ये कुणाचे घर जळाले, कुणाची होडी बुडाली किंवा कुणाला कर्करोग निघाला, की सभागृहाची किल्ली रोंडा डर्नफर्डकडे जात असे. मासळीच्या कारखान्यातली पाळी संपवून ती घरोघर फोन करी: बटाटे कुणाचे, खारवलेले मांस कुणाचे, पाव कुणाचा. शनिवारी अख्खे गाव मदतीच्या जेवणाला येई. ताटात बीट घातलेली गुलाबी आणि मोहरी घातलेली पिवळी अशी दोन्ही प्रकारची बटाट्याची कोशिंबीर असे, आणि जेवणे उरकली की वर्गणीचा डबा त्या घरी पोचता होई. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या या दक्षिण किनाऱ्यावर रस्ता येत नाही, फेरीबोट येते. मोठे रुग्णालय तर पुष्कळ लांब, सेंट जॉन्स शहरात. आम्ही एकमेकांना असेच जगवत आलो आहोत, याचा गावाला अभिमान आहे. त्या अभिमानाची किंमत कोण देते, याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. पुढे जे लिहिले आहे त्याच्या तीन हकिकती माझ्या कानी आल्या. किमान दोन जणांचे ज्यावर एकमत आहे, तेवढेच येथे घेतले आहे.

रोंडाला आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नव्हता. तिसऱ्या खेपेस अर्धे महिने सुखरूप गेले, तेव्हा ती सोनोग्राफीसाठी सेंट जॉन्सला गेली. बाळाच्या हृदयाच्या पडद्यात छिद्र दिसले आणि मानेमागची त्वचा हवी त्याहून जाड. हे दोन्ही एकत्र दिसले म्हणजे मुळातच जनुकीय दोष असू शकतो, आणि नसूही शकतो, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. खात्री करायची तर पोटातून सुई घालून गर्भाभोवतीचे पाणी काढावे लागेल. त्यात क्वचित गर्भ जातो. एवढे सांगून त्यांनी एक माहितीपत्रक पुढे केले.

“तुमच्या किनाऱ्यावरच्या बायका सहसा सुई नको म्हणतात,” त्या म्हणाल्या. “घरी जाऊन विचार करा. हवं असेल तर फोन करा, पण फार लांबवू नका.”

त्यांनी तपासणीची वेळ देऊ केली नाही. परतीच्या वाटेवर रोंडाला सुईच्या कल्पनेपेक्षा तो ‘सहसा’ अधिक टोचत राहिला.

प्रश्न तिच्यापुरता उघड होता. दोष फक्त हृदयाचा असेल, तर बाळंतपण हॅलिफॅक्सला, लहान मुलांच्या शस्त्रक्रिया होतात तिथेच व्हायला हवे. दोष जनुकीय, त्यातही भयंकर प्रकारचा असेल, तर बाळ काही दिवसांचाच सोबती. मग त्याला चिरायला कुणाच्या हाती द्यायचे नाही, आपल्याच कुशीत ठेवायचे, हे तिने मनाशी ठरवले होते. पण यातले काय, हे कळण्यासाठी तिसरे मूलही पणाला लावायचे? नवरा क्लेटन अल्बर्टाच्या तेलक्षेत्रात होता. तो फोनवर म्हणाला, “तू म्हणशील तसं.” तिने फोन ठेवून दिला. ज्याचे अर्धे मूल आहे त्याने अर्धा विचारही करू नये, याचा संताप तिच्या मनात अजून आहे.

गावात तिने ही गोष्ट फक्त शेजारच्या घरात राहणाऱ्या सासूला, ऑलिव्हला सांगितली. लेकरू देवाच्या हातात आहे, त्यात सुई खुपसू नये, असे ऑलिव्हचे मत पडले. ते मत तिने चर्चमधल्या मर्लला आणि इतर बायकांनाही ऐकवले.

पुढच्याच आठवड्यात फेरीबोटीच्या धक्क्यावर, तिकीट खिडकीशेजारी, रंगीत कागद लागला: ‘रोंडा आणि क्लेटन यांच्या आजारी बाळासाठी जेवण, शनिवारी.’ कोपऱ्यात पंख असलेल्या बाळाचे चित्र होते.

रोंडा तो कागद घेऊन सरळ सासूच्या स्वयंपाकघरात गेली.

“आई, पंख कुणी लावले?”

ऑलिव्ह पावाचे पीठ मळत होती. “मर्लनं गं. तिच्याकडे बाळाचं तेवढंच चित्र होतं.”

“माझं बाळ मेलंय का?”

“असं अभद्र बोलू नये, पोरी.”

“मी कुठं बोलतेय? तुम्ही छापलंय.”

ऑलिव्हने हात पुसले. हॅलिफॅक्सचा खर्च काय आकाशातून पडणार आहे, असे तिने विचारले. मग ती थोडे थांबून म्हणाली, “आणि गॉर्डचं जेवण घातलंस, तेव्हा तू त्याला विचारलं होतंस?”

रोंडा कागद तसाच हातात घेऊन बाहेर पडली. ती गॉर्ड हाइन्सकडे गेली. त्याच्या आतड्याचा कर्करोग आता बरा झालेला आहे, आणि तो दिवसभर धक्क्यावरच्या आपल्या खोपटात जाळी नीट करीत बसतो. त्या वेळी त्याच्या बायकोने दुकानात तपासणीचा विषय काढला होता, आणि रोंडाने त्याच आठवड्यात जेवण ठरवले होते. जेवणाच्या दिवशी त्याने घासही खाल्ला नव्हता, एवढेच तिला आठवत होते.

“का खाल्लं नाहीत, गॉर्डकाका?”

“डॉक्टरचा फोन सोमवारी यायचा होता, पोरी. जेवण शनिवारी. मला कॅन्सर आहे हे मला तुझ्या वाटाण्याच्या सूपनं सांगितलं.” तो हसला. ती हसली नाही.

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“एवढं सगळं केलं होतंत माझ्यासाठी. उद्या कॅन्सर नाहीच निघाला तर गावाला तोंड कसं दाखवू, हीच धास्ती. सोमवारी निघाला एकदाचा. जीव भांड्यात पडला बघ.”

 बाळ निरोगी निघाले तर गावाचा हिरमोड होईल, अशी भीती बाळगून आपण उरलेले महिने काढणार, हे रोंडाला त्या संध्याकाळी स्पष्ट दिसले. निदान मूल आजारी आहे की नाही ते आधी त्याच्या आईला कळले पाहिजे. गर्भ जाण्याची भीती कमी झाली नव्हती. त्या भीतीसकटच तिने सकाळी रुग्णालयात फोन लावला आणि तपासणीची वेळ मागून घेतली.

शनिवारी सभागृह भरले होते. रोंडा आत आली, भिंतीवरचा रंगीत कागद तिने उतरवला आणि वाढपाच्या टेबलाशी उभी राहिली.

“सुई टोचून घ्यायला मी सोमवारच्या बोटीनं जातेय,” ती म्हणाली. “बाळ जाऊ शकतं. मला शिकवू नका, आधी दोन गेलीत. पण ते आजारी आहे की नाही, हे मला कळायच्या आत तुम्हांला कळलंय, आणि ते मी चालू देणार नाही. निकाल आधी मला कळेल, मग क्लेटनला. तुम्हांला सांगायचा की नाही, ते मी ठरवीन. आणि गॉर्डकाका, तुमच्या वेळी मीही हेच केलं. चुकलं माझं.”

 पळी हातात धरून मर्लने विचारले, “मग सूप वाढायचं का नाही?”

“वाढा. फुकट जायला नको. डबा मात्र उचला तिथून.”

ती गॉर्डशेजारी बसून जेवली. गॉर्डने कोशिंबीर दोनदा मागून घेतली.

सोमवारी धक्क्यावर ऑलिव्ह पिशवी घेऊन उभी होती. तिने आधीच सांगून टाकले, “मला अजून पटलेलं नाही.”

“पटवायला मी आलेच नाहीये.”

“तरी येतेय मी. एकटीला नाही सोडायची. बाहेर बसेन.”

“बाहेर म्हणजे बाहेरच, आई.”

शहरात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. नक्की ना, पुष्कळजणी ऐनवेळी मागे फिरतात, असे त्या म्हणाल्या. रोंडाने त्यांना सांगितले, “पुष्कळजणी इथं आलेल्या नाहीत. मी आलेय. माझ्याशी बोला.” मग ती टेबलावर आडवी झाली. पडद्यावर बाळ हात हलवत होते. सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत तिने डोळे मिटले नाहीत.

घरी परतताना बोटीवर मर्लची बहीण भेटली. ती चहाचा पेला घेऊन ऑलिव्हशेजारी सरकून बसली आणि हळूच म्हणाली, “काय म्हणाले गं डॉक्टर?”

ऑलिव्हने खिडकीपाशी पाठ करून बसलेल्या सुनेकडे पाहिले.

“मला काय माहीत,” ती म्हणाली. “मी बाहेर होते.”