ऐनूंच्या गावात चिकूची वाडी

माझ्या वडिलांची डहाणूला चिकूची वाडी आहे हे मला माझ्या लग्नात कळलं. सासूबाई पाहुण्यांना सांगत होत्या, "मुलीकडचे बागाईतदार आहेत हो." बाबा आश्रमशाळेत मास्तर होते. तरुणपणी चिकू तोडायला जायचे खरे, पण दुसऱ्याच्या वाडीत, मजुरीवर. आम्ही वारली. हे सासूबाईंना ठाऊक, नवऱ्याला ठाऊक. पुण्यातल्या सोसायटीला नाही आणि इथे टोकियोत, तोयोसूतल्या मराठी मंडळींनाही नाही. दर हिवाळ्यात बाबा बाजारातून चिकूची पेटी घेऊन पुण्याला पाठवतात. सासूबाई ते चिकू सोसायटीभर वाटतात, 'व्याह्यांच्या वाडीतले' म्हणून. मी मूग गिळून बसायचे. बाबांच्या कानावर जात नाही तोवर चालू दे, असं मनाला समजवायचे. पण माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला ती वाडी खरी वाटायची. इथल्या शाळेत तिने त्या वाडीचं चित्रसुद्धा काढलं होतं, झाडाखाली आजोबा, हातात टोपली. त्या दिवसापासून माझं डोकं धुमसत होतं.

सासूबाई तीन महिन्यांसाठी जपानला आल्या, म्हणून आम्ही होक्काइडोची ट्रिप काढली. सोबत आमच्याच मजल्यावरचं एक मराठी कुटुंब. त्यातले गृहस्थ बँकेत मोठ्या पदावर, आणि मोठ्या पदावरच्या माणसाला सगळ्यातलं सगळं कळतं. लव्हेंडरची शेतं झाली, खेकडे झाले, गरम पाण्याचे झरे झाले. शेवटच्या दिवशी तळ्याकाठचं ऐनूंचं गाव. ऐनू म्हणजे या उत्तरेचे मूळचे रहिवासी. जपानी लोक इथे येऊन वसले त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. त्यांच्या गावात आता दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, लाकडी अस्वलं आहेत, सेल्फीसाठी जागा आखून दिलेली आहे.

सासूबाईंनी त्या दिवशी वारली चित्रांची ओढणी घेतली होती. त्यांच्या ओढणीवर वारली नाचतात, चहाच्या कपांवर नाचतात, दिवाणखान्याच्या भिंतीवर नाचतात. नात्यात तेवढे चालत नाहीत.

गवताने शाकारलेल्या एका घरात आम्हाला बसवलं. मधोमध चूल. भरतकामाचा झगा घातलेला, चष्मेवाला, चाळिशीचा एक माणूस माहिती सांगत होता आणि मी मराठीत करून सांगत होते, कारण मोठ्यांत जपानी मलाच नीट येतं. त्याने वाटीत तांदळाची दारू ओतली, कोरीव काम केलेली एक चपटी काठी तिच्यात बुडवली आणि तिच्या टोकाने थेंब थेंब चुलीतल्या विस्तवावर सोडले. म्हणाला, आधी देवांना आणि पूर्वजांना, मग आपण.

बाबा ताडीचा घोट घेण्याआधी चार थेंब जमिनीवर सोडतात. बोटांनी, काठीबिठी नाही. म्हणतात, गेलेल्यांना तहान लागते.

"देवाला दारू?" गृहस्थ हसले. सासूबाईंनी "शी" म्हणून पदर नाकाला लावावा तशी ओढणी लावली. मग गृहस्थ मला म्हणाले, "विचारा ना त्याला, तो प्युअर ऐनू आहे की मिक्स? की नुसतं टुरिस्टांसाठी सोंग?"

"मी नाही विचारणार," मी म्हटलं.

"अहो, त्यात काय एवढं? तू विचार गं बाळा, तुझं जॅपनीज तर फर्स्टक्लास आहे."

आणि माझ्या लेकीने गुडघ्यांवर नीट बसून, वाकून, अगदी अदबीने विचारलं की तुम्ही खरे ऐनू आहात का.

त्या माणसाने वाटी खाली ठेवली. तिच्याशी बोलला, आमच्याशी नाही. पोरीने आपल्या तोडक्या मराठीत आम्हाला सांगितलं, "त्याची आई ऐनू, बाबा नाही. त्याची आजी कोणालाच सांगायची नाही. लपवायची. तो म्हणतो, मी सांगतो. म्हणून मी ऐनू."

"लपवण्यासारखं काय होतं?" गृहस्थ म्हणाले. "आता बघा, ग्रँट, सवलती. आपल्याकडे नाही का, एक सर्टिफिकेट काढलं की आयुष्यभराची सोय."

तळपायाची आग मस्तकात गेली. "सर्टिफिकेट माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "वारली आहे मी. इंजिनिअरिंगची सीट त्यावरच घेतली आणि वर्गात दुसरी आले. अजून कसली सोय बघायचीय तुम्हाला?"

गृहस्थांना एकदम चुलीवरच्या आढ्यात रस वाटायला लागला. नवरा दाराशी काढून ठेवलेल्या बुटांकडे बघत होता. त्याची ती बुटांकडे बघायची सवय मला लग्नापासून ठाऊक आहे, आणि मला तिची चीड आहे. सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "चारचौघांत काय हे?" चारचौघांतच. चार भिंतींत बारा वर्षं झाली.

मुलगी माझ्याकडे बघत होती. "वारली म्हणजे आजीच्या ओढणीवरचे?"

"हो. तेच. मी, तू, आजोबा."

"मग आजोबांची वाडी?"

"वाडी नाही. कधीच नव्हती."

परतीच्या मिनीबसमध्ये मधल्या सीटवर सासूबाई, त्यांच्या शेजारी माझी लेक. तिने माझा फोन घेतला आणि सरळ डहाणूला व्हिडिओ कॉल लावला. मी अडवलं नाही.

"आजोबा, तुमची चिकूची वाडी नाहीये?"

बाबा हसले. "नाही गं बाय. कुठली वाडी?"

"आजी म्हणते, आहे."

फोनमध्ये सासूबाईंचा अर्धा चेहरा दिसत असणार. बाबांनी आधी त्यांना नमस्कार केला. मग म्हणाले, "आजी तसं सांगते, ते ठाऊक आहे मला. तुझ्या आईला तिथे कमीपणा नको. म्हणून तर पेटीवर दुकानाचं नाव छापलेलं असतं ना, ते मी ब्लेडने खरवडतो, मग पाठवतो."

बारा हिवाळे. माझा बाप अंगणात बसून खोक्यावरचं नाव खरवडत होता, आणि मी त्याला काही कळत नाही असं धरून चालले होते.

मी पुढे वाकून फोन घेतला. म्हटलं, "बाबा, यंदा खरवडू नका."

"बरं," बाबा म्हणाले. मग विचारलं, "विहीणबाईंना चालेल?"

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला आणि म्हटलं, "सांगा त्यांना."