कडक भाकरीचा चोर

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि जगातले सगळे चोर ओळखत होते. निदान माझी तशी समजूत होती. सोलापुरात सात रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर माहेर, मराठी सातवी पास, नवरा शाळामास्तर; एवढ्या भांडवलावर माणूस जितका शहाणा होऊ शकतो, त्याच्या दुप्पट मी झाले होते. दुसरी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट.

सासर मूळचं माळशिरसकडचं, मेंढरं राखणारं. सासरे वारल्यावर सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, सोलापुरात आमच्याकडे राहायला आल्या, त्या सासऱ्यांचं काळं घोंगडं खांद्यावर टाकूनच. सासरे दरसाल शिंगणापूरला पायी जायचे आणि दरसाल म्हणायचे, "ह्यो धाकला म्हादेव. थोरला तिकडं बर्फात बसलाय, त्येला एकदा भेटाया पायजे." ते राहून गेलं. आता त्यांचं घोंगडं तरी थोरल्या महादेवाच्या पायाला लावून आणायचं, एवढं एकच आत्याबाईंच्या मनात होतं. वय साठीच्या पुढे, छातीत कायम घरघर. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्या बोलत नव्हत्या, पण आम्हाला दिसत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ह्यांनी केदारनाथला जायचं ठरवलं.

आमच्या शेजारच्या काकू स्वतः मंद्रूपच्या बाजारापलीकडे गेल्या नव्हत्या, पण हिमालयातल्या वाटाड्यांची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. "गोड बोलत्यात, आडवाटेला नेत्यात, आन् गाठुडं घिऊन पसार. मानसं दरीत." मी हे नीट ध्यानात ठेवलं आणि तयारीला लागले. शंभरावर कडक भाकरी केल्या. आमच्याकडच्या त्या पापडासारख्या पातळ भाकरी महिनाभर टिकतात. बरोबर शेंगाची चटणी. अंगावर घ्यायला नव्या कोऱ्या सोलापुरी चादरी. हे म्हणाले, "घोंगडी घेऊ की." मी म्हणाले, "आपण आता मेंढरांमागं जाणारी माणसं नाही." सुती चादर भिजली की किती जड होते, हे पुढे मला ढगांनी शिकवलं. माझी सोन्याच्या पुतळ्यांची माळ मी आत्याबाईंच्या कमरेच्या बटव्यात आतून शिवून टाकली. म्हातारीच्या बटव्यावर कोण नजर ठेवणार? घरी ठेवावी, तर काकूंचा भरवसा नव्हता.

ऋषिकेशला वाटाड्या मिळाला. पन्नाशीचा, वाळक्या शेंगेसारखा, एका कानात पितळी बाळी. पाठीवर वेताची उभी टोपली, तिला तिकडे कंडी म्हणतात. त्यात आमचं सामान. पुढे मोटार नव्हती, पंधरा-सोळा दिवसांची पायपीट होती. पहिल्याच दिवशी त्याने आत्याबाईंकडे बघून हसून "चलो माई" म्हटलं, आणि मी मनात म्हटलं, झालं, गोड बोलायला लागला.

त्यानंतर मी डोंगर पाहिलेच नाहीत. लोक विचारतात, नद्यांचे संगम कसे होते, बर्फ कसा दिसला. मला विचाराल तर त्या माणसाच्या टाचा कशा होत्या ते सांगते. तो रस्ता सोडून पायवाटेने वर चढला की मी ह्यांना चिमटा काढायची, "आडवाट." ती आडवाट अर्ध्या तासाने मूळ रस्त्यालाच लागायची. मुक्कामाला चट्टीत, म्हणजे तिथल्या झोपडीवजा धर्मशाळेत, तो दुकानदाराशी पहाडी बोलीत बोलला की मी म्हणायची, "बघा, आपलीच वाटणी चाललीय." मला हिंदी येते अशी माझी ऐट होती. ती हिंदी म्हणजे आमच्या गल्लीतली दखनी. "कायकू रुकने का? अब्बी तो दिन हैना," असं मी दरडावलं की तो आत्याबाईंकडे बोट दाखवून म्हणायचा, "माई का दम देखो, बेटी."

आत्याबाईंचं आणि त्याचं मात्र कसं काय जमलं देव जाणे. तो एरवी मेंढरं राखायचा. दोघं वाटेत बसून बोटांनी कळप मोजायचे. त्या म्हणायच्या, "आमची काळी असत्यात, तुमची बुटकी दिसत्यात," आणि तो मान डोलवायचा.

चौथ्या दिवशी भाकरी कमी भरल्या. दोन. मी रोज सकाळी मोजत होते, त्यामुळे चूक व्हायची सोय नव्हती. पाचव्या दिवशी आणखी दोन गेल्या. मी गाठोड्याला निरगाठ मारली, गाठीत एक काडी खोचली. सकाळी गाठ तशीच, काडी खाली पडलेली, भाकरी दोन कमी. गाठोडं रात्रंदिवस त्याच्याच कंडीत. आता पुरावा काय हवा?

"मी सांगत नव्हते?" मी ह्यांना म्हटलं.

"अगं, मणभर ओझं वाहतोय. खाल्ली असेल एखादी."

"आज भाकरी, उद्या गाठोडं. परवा आपण दरीत."

"तू दरीत पडलीस तरी मोजत पडशील," हे म्हणाले. मास्तर माणूस, त्यांना गुन्हेगारीचं ज्ञान नव्हतं.

गौरीकुंडला पोचलो तेव्हा आत्याबाईंची घरघर वाढली होती. वाटाड्या म्हणाला, उद्या एक दिवस इथेच विसावा घ्या, वरची चढण उभी आहे. मी लगेच ओळखलं. आजचं चोरलेलं उद्या पचवायला ह्याला दिवस हवाय. मी हटूनच बसले, ह्यांनी माझं ऐकलं. आणि संध्याकाळी मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत हुशारीचं काम केलं. घरून आणलेलं लवंगी मिरचीचं तिखट वरच्या चार भाकरींना खालच्या अंगाने चांगलं चोळलं. म्हटलं, उद्या चढणीवर चोर आपणहून नाचेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. भाकरी दोन कमी होत्या. मला इतका आनंद झाला की थंडीही वाजेना. सबंध चढण मी त्याच्या तोंडाकडे बघत चालले. तो काही खाईना. एक डोंगर झाला, दुसरा झाला, धुकं उतरलं, ह्याचं तोंड बंद. मला वाटलं, बेरकी आहे, वास आला वाटतं.

तेवढ्यात मागून खोकला ऐकू आला. साधा नव्हे. मी वळले तर आत्याबाई दगडावर बसलेल्या, डोळे बाहेर आलेले, श्वास घशात अडकलेला, आणि हातात अर्धी कडक भाकरी.

हे धावले. पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "बास झालं. आई, खाली फिरायचं. जीव राहिला तर पुढच्या वर्षी." आत्याबाईंना बोलता येईना. त्यांनी एक हात घोंगड्यावर ठेवला आणि दुसऱ्याने वर बोट दाखवलं. पुढचं वर्ष नाही, हे त्या बोटाला माहीत होतं.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'अहो, ही छाती नाही, माझं तिखट आहे.' सहा-सात शब्द. सातवी पास बाईला ते बोलता आले नाहीत. मी आपली भिजक्या चादरीचं टोक पिळत उभी.

वाटाड्याने कंडी खाली ठेवली. आत्याबाईंना घोट घोट पाणी पाजलं. मग खाली पडलेला भाकरीचा तुकडा उचलला, हुंगला, जिभेला लावला. आणि माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण मला आजही ते पाहणं चुकवता येत नाही. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "माई को कुछ नहीं हुआ, मास्टरजी. मैं ले जाता हूँ. ऊपर." माझं नाव काढलं नाही.

त्याने कंडीतलं सामान आमच्या पुढ्यात रचलं, आत्याबाईंना तीत बसवलं, घोंगडं गुंडाळलं आणि चालू लागला. वीस पावलांत दोघं धुक्यात दिसेनाशी झाली.

आता तरी मी हात जोडायला हवे होते की नाही? मला आठवली ती पुतळ्यांची माळ. माळ बटव्यात, बटवा आत्याबाईंच्या कमरेला, आत्याबाई चोराच्या पाठीवर. काकूंचं सगळं खरं होतं. मी भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन अशी धावत सुटले की हे मागून ओरडत होते, "अगं दम लागेल." लागला. त्या हवेत तीन पावलांवर लागतो. मी बसत, उठत, रडत, आत्याबाईंपेक्षा वाईट घरघरत वर पोचले.

देवळाजवळच्या एका झोपडीत शेकोटीपुढे आत्याबाई बसल्या होत्या. बटवा कमरेला, घोंगडं मांडीवर, त्याला भस्म लागलेलं.

"लावलं?" हे मागून येऊन धापा टाकत म्हणाले.

"व्हय. दगडाला लावलं. ह्येनं आत नेलं मला हाताला धरून," त्या म्हणाल्या. वाटाड्या त्यांच्या शेजारी कुठलीशी खीर खात होता. केदारचं दर्शन होईपर्यंत तो चढणीच्या दिवशी काही खात नाही, हे आत्याबाईंकडून कळलं. "म्हनून आज त्यानं माझी भाकरी घेतली न्हाय. रोज दोन घेतो की. मग म्या म्हनलं, दिलेली माघारी कशाला ठिवायची, आपणच चघळावी."

"तुम्ही देत होता?" मी विचारलं. "मग मला सांगितलं का नाही?"

"तू मोजतीस म्हनून."

ह्यांनी मान फिरवली. हसत होते.

आत्याबाईंनी पदरातून दुसरी भाकरी काढली. सबंध. तिची खालची बाजू शेकोटीच्या उजेडात लालभडक दिसत होती. माझी चादर काढून घोंगड्याची एक बाजू त्यांनी माझ्या अंगावर टाकली आणि भाकरी माझ्या हातात ठेवली.

"लई चाललीस, पोरी. खा."

वाटाड्याने पाण्याचा तांब्या माझ्याजवळ सरकवला. मी ती भाकरी त्यांच्यादेखत शेवटच्या कणापर्यंत खाल्ली, आणि डोळ्यांतून पाणी का येतंय ते ह्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, देवाचं दर्शन झालं ना, म्हणून. देऊळ मी अजून पाहिलंही नव्हतं.