प्रभारीची चार वर्षं

आमच्या खात्याचं काम काय, हे माझ्या सांगलीच्या नातेवाइकांना मी शेवटपर्यंत पटवू शकले नाही. परदेशातून आलेल्या लोकांना आपला देश समजावून सांगायचा, एवढंच ते काम. नातेवाईक म्हणायचे, "म्हणजे गाइड." मी म्हणायचे, "नाही हो, सरकारी खातं आहे." मग ते म्हणायचे, "बरं, सरकारी गाइड." मुख्यालय दिल्लीत आणि एक शाखा साताऱ्यात. तिथे मी लिपिक म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले.

शाखाप्रमुखाच्या केबिनमध्ये खुर्चीच्या मागे एक लाकडी फलक होता. त्यावर आजवरच्या प्रमुखांची नावं आणि पुढे दोन रकाने: पासून, पर्यंत. त्यातले आठ जण मी पाहिले. एका साहेबांना वाटायचं, पाहुण्यांना किल्लेच दाखवावेत; त्यांच्या काळात कितीतरी परदेशी प्राध्यापक धापा टाकत अजिंक्यतारा चढले. पुढच्यांना किल्ल्यांचा कंटाळा, म्हणून सगळ्यांना साखर कारखाना. एका बाईसाहेबांनी ऑफिसातली प्रत्येक पाटी तीन भाषांत करून घेतली आणि शेवटची पाटी लागायच्या आत त्यांची बदली झाली. प्रमुख बदलला की देशाचं वर्णन बदलायचं. टायपिंग मात्र माझंच असायचं.

मग एक साहेब मुदतीआधीच दिल्लीला गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. पुढील आदेशापर्यंत प्रभारी म्हणून मी काम पाहावं, असं पत्र आलं. पुढील आदेश यायला चार वर्षं लागली. ती चार वर्षं मी शाखा चालवली आणि चांगली चालवली. इथे नम्रपणा करायची मला गरज वाटत नाही. पाहुण्यांना मी माणसांच्या घरी न्यायला लागले. म्हसवडकडे पाणी अडवणाऱ्या गावांत, सांगलीजवळ जैन शेतकऱ्यांकडे. पहिल्याच खेपेला फजिती झाली. आमची बस उशिरा पोचली, सूर्य मावळला होता आणि त्या घरात सूर्यास्तानंतर कोणी जेवत नाही, वाढतही नाही. घरच्या बाईंनी हात जोडले आणि मी सगळ्यांना ढाब्यावर नेऊन जेवू घातलं. तेव्हापासून माझ्या दौऱ्यात पंगत पाच वाजता. पाहुणे विचारायचे, एवढ्या लवकर का? त्या प्रश्नावर घरातली म्हातारी माणसं जे बोलायला लागायची, ते आमच्या कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं.

नवे साहेब आले ते तिशीतले. ऑफिसात मला मॅडम म्हणायचे, बाहेर ताई. माझ्या घरी भरली वांगी खाऊन गेले, आईच्या पाया पडले. मी त्यांना माझ्याकडचं सगळं दिलं: त्या घरांचे फोन नंबर, कुठे सूर्यास्ताआधी पोचायचं, कोणत्या गावात सरपंचाऐवजी त्याच्या आईशी बोलायचं. धाकटा भाऊ मिळाला असं वाटलं होतं. आता लिहिताना माझाच मला राग येतो.

माझ्या निवृत्तीला महिना उरला असताना शाखेचा वर्धापन समारंभ ठरला. स्मरणिका निघणार होती. ते म्हणाले, "ताई, सगळ्या प्रमुखांचा इतिहास तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?" जुन्या फायली काढून मी तीन आठवडे खपले. कोण कधी आलं, कोणी काय केलं, सगळं लिहिलं. स्वतःच्या चार वर्षांना एक परिच्छेद दिला. तो वाचून ते म्हणाले, "हे फारच थोडं आहे. मी वाढवतो."

समारंभाच्या दिवशी सकाळी स्मरणिकेची पीडीएफ मोबाइलवर आली. माझा परिच्छेद नव्हता. दिल्लीला गेलेल्या साहेबांच्या नावापुढचं 'पर्यंत' चार वर्षं पुढे सरकलं होतं. सांगलीच्या पंगतीचा फोटो मात्र होता, त्यात मी वाढपी म्हणून वाकलेली, आणि खाली ओळ: 'साहेबांच्या कल्पनेतून साकारलेला उपक्रम'. हेच दिल्लीला गेलेले साहेब संध्याकाळचे प्रमुख पाहुणे होते. आता ते दिल्लीत नेमणुका बघतात आणि आमच्या धाकट्या भावाला दिल्लीला जायचं होतं.

मी तडक केबिनमध्ये गेले. "मॅडम," ते म्हणाले. ताई नाही. "प्रभारी धरत नाहीत. आणि हे मी ठरवलेलं नाही, तुम्हीच लिहून ठेवलंय." त्यांनी जुनी फाइल माझ्यासमोर उघडली. टिपणी माझ्याच अक्षरातली होती.

मी नवीन लागले तेव्हा आमचे हेडक्लार्क कोरेगावचे होते, सैन्यातून निवृत्त झालेले. हुद्द्याने नायक होते, पण आमच्याकडे निवृत्त फौजी दिसला की तो मेजर, तसे तेही मेजर. त्यांनी त्याआधी आठ महिने शाखा सांभाळली होती आणि फलकावर नाव यावं म्हणून अर्ज केला होता. तेव्हाच्या साहेबांनी मला नकार लिहायला सांगितला. मी लिहिलं: 'प्रभारी हे कार्यालयप्रमुख नव्हेत, सबब नाव घेता येणार नाही.' भाषा नेमकी जमली म्हणून साहेबांनी शाबासकी दिली होती आणि मी दिवसभर खुशीत होते.

संध्याकाळी समारंभात दिल्लीचे साहेब आणि आमचा धाकटा भाऊ, या दोघांच्या हातून मी शाल आणि नारळ घेतला. फेकायला हवा होता. टाळ्या वाजत होत्या आणि मी हसत होते.

दोन दिवसांनी मी स्मरणिका घेऊन एसटीने कोरेगावला गेले. मेजर आता ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांनी अधू. माझं सगळं गाऱ्हाणं त्यांनी ऐकून घेतलं. मी रडलेसुद्धा. जुन्या टिपणीबद्दल माफी मागितली तर त्यांनी हात झटकला.

"आवं बाई, तवा तुमी नव्या हुता. सायबानं सांगितलं, तुमी लिवलं." मग हसून म्हणाले, "दिल्लीत बसून साताऱ्याचं हापिस चार वर्सं चालिवलं म्हंजी लय मोठा माणूस हाय गड्या."

थोडा वेळ ते स्मरणिकेवर हात फिरवत बसले.

"ह्यात माजं आठ म्हयनं न्हाईत, व्हय?"

"नाहीत, मेजर."

"छापलं नसंल. पर तुमी लिवलं हुतं तवा, त्यात हुतं का?"

तीन आठवडे मी त्या फायली चाळल्या होत्या. आठ प्रमुख लिहिले, त्यांच्या आधीचे लिहिले, माझी चार वर्षं लिहिली. मेजरना वगळायला मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मला आठवलेच नव्हते.

"होते," मी म्हणाले. "त्यांनी काढले."

"मग झालं की!" त्यांनी आत हाक मारली, "आगं, च्या टाक. बाईंनी इतिहासात आपलं नाव लिवलं हुतं." सून पदराला हात पुसत बाहेर आली. त्यांनी तिला तेच पुन्हा सांगितलं, खरं की नाही म्हणून माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली.