नोटिशीतला एक शब्द
ओल्या सागवानाचा वास आला की रामनगरजवळचं आमचं अंगण आठवतं. जंगलातला साग बाबांनी तोडला, अशी वनखात्याची इंग्रजी नोटीस आली होती. मी वाचून सांगितलं, "बाबा, यात 'अलेजेडली' लिवलंय. म्हंजे नुसता आरोप हाय, सिद्ध झालेलं न्हाई." बाबा म्हणाले, "मग तेवढं गावात सांगून ये की, पोरी." मी घरोघर सांगून आले. वाघ दिसला तरी 'दिसला म्हणे' असं बोलणारं आमचं गाव, पण बाबांच्या बाबतीत कुणाच्याच तोंडी 'म्हणे' आलं नाही. पुढं बाबा निर्दोष सुटले. रोज सकाळी ते दारातला बाक पुसून ठेवायचे, पण बसायला कुणीच आलं नाही. परवा शेजारीण एका बाईला चोर म्हणाली, आणि मी नुसती मान डोलावली.